पाठीतल्या पाण्यातील साखर आणि तिच्या जोडीची रक्तातील साखर

आपण लिहिले आहे की आपल्या 14 महिन्यांच्या मुलाला फिट्स बहुतेक सकाळी दूध पिण्याआधी येतात, मधूनच त्याचे डोळे आणि त्यांच्याबरोबर मानही झटक्याने इकडेतिकडे फिरते, दोन औषधे झाली तरी फरक नाही आणि येत्या बुधवारी पाठीतले पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, काढायचे ठरले आहे. हे वाचून मी हातातले काम बाजूला ठेवले, कारण आठ वर्षांपूर्वी माझ्या मुलीबद्दल मी डॉक्टरांना नेमके हेच सांगत होते. मी डॉक्टर नाही आणि आपल्या मुलाला हाच आजार आहे असेही माझे म्हणणे नाही. तरीही बुधवारच्या आधी एक गोष्ट आपल्या कानावर घालणे मला आवश्यक वाटते.

माझ्या मुलीला ग्लूट-1 ची कमतरता आहे. रक्तातील साखर मेंदूपर्यंत पोहोचवणारे हे वाहक प्रथिन तिच्यात पुरेसे नसल्यामुळे रक्तात साखर व्यवस्थित असूनही मेंदू अर्धपोटी राहतो, आणि पोट रिकामे असले की त्रास वाढतो. डॉ. डी व्हिवो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये या आजाराचे प्रथम वर्णन केले. त्यामागचे जनुक एस.एल.सी.2ए.1 हे आहे. आजार जनुकीय असला तरी बहुतेक मुलांमध्ये हा बदल नव्याने झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या घरी ‘कोणाच्या घराण्यातून आले’ या प्रश्नावर कितीतरी संध्याकाळी खर्ची पडल्या आणि ते सारे बोलणे मी विनाकारण सोसले.

आता मुख्य मुद्दा. मुलगी 11 महिन्यांची असताना मेंदूज्वराच्या शंकेने तिच्या पाठीतले पाणी काढले. डिस्चार्ज कार्डवर एकच ओळ होती, ‘पाणी तपासले, मेंदूज्वर नाही’. आम्ही देवाचे आभार मानले आणि फाइल कपाटात ठेवली. प्रत्यक्ष आकडे असलेली प्रयोगशाळेची चिठ्ठी रुग्णालयातच राहिली आणि ती मागावी हे आम्हाला सुचलेही नाही. पुढची दोन वर्षे औषधे बदलत गेली, मुलगी चालायला लागली ती तोल जात, शब्द मोजकेच राहिले. अखेर दुसऱ्या शहरातील एका बालमेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी विचारले, ‘त्या पाण्यात साखर किती होती?’ आमच्याकडे उत्तर नव्हते.

ती चिठ्ठी मिळवण्यासाठी मला त्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागात चार खेपा घालाव्या लागल्या. जुने कागद बांधून ठेवले आहेत, संबंधित माणूस रजेवर आहे, अर्जावर वडिलांचीच सही हवी, अशी रोज नवी कारणे मिळत होती. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाचे कागद किमान 3 वर्षे जपून ठेवायचे असतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात, हे मला फार उशिरा समजले. आपण पहिल्याच अर्जात तसा उल्लेख करा. चौथ्या खेपेला कागद हाती आला. पांढऱ्या पेशी सामान्य, जंतू नाहीत, साखर 33 (100 मिलिलिटरमागे मिलिग्रॅम). शेजारीच छापील सामान्य मर्यादा होती, 40 ते 70. म्हणजे मेंदूज्वर नसताना साखर कमी होती, हे त्या कागदावर दोन वर्षे लिहिलेलेच होते.

आणि तरीही त्या आकड्यावरून निदान करता येईना, कारण त्या वेळी रक्तातील साखर तपासलेलीच नव्हती. रक्तातील साखर खाली गेली असेल तर पाण्यातील साखरही खाली जाते, म्हणून दोन्ही एकाच वेळी हव्यात. एरवी पाण्यातील साखर रक्तातील साखरेच्या साधारण 60 टक्के असते. मुलीला पुन्हा तीच सुई सोसावी लागली. या वेळी पाण्यात 32 आणि रक्तात 86, म्हणजे जेमतेम 37 टक्के. पुढे जनुक तपासणीने शिक्कामोर्तब झाले.

म्हणून बुधवारी पाणी काढण्याच्या लगेच आधी रक्त घ्यायला सांगा. रडण्याने आणि भीतीने रक्तातील साखर चढते, त्यामुळे नंतर घेतलेल्या रक्ताचा हिशेब चुकतो. हे आधीच ठरलेले असेल तर उत्तमच, पण विचारण्यात संकोच करू नका.

उपचाराबद्दल थोडेच लिहिते. कीटोजेनिक आहार, म्हणजे मेंदूला साखरेऐवजी स्निग्धापासूनचे इंधन मिळावे असा आहार, सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या फिट्स थांबल्या, पण सर्वांचे असेच होईल असे नाही. आमच्याकडे 3:1 चे प्रमाण होते, म्हणजे तीन ग्रॅम स्निग्धाला प्रथिने व कर्बोदके मिळून एक ग्रॅम. तूप, साय आणि खोबरेल तेल काट्यावर तोलून द्यावे लागते, गणपतीतल्या मोदकाचा तुकडासुद्धा हिशेबाबाहेर चालत नाही. मात्र हा आहार स्वतःहून कदापि सुरू करू नका. स्निग्ध पदार्थांच्या चयापचयातील काही जन्मजात दोषांत तो जिवावर बेतू शकतो, त्यामुळे त्या तपासण्या आधी व्हाव्या लागतात. फिनोबार्बिटोन हे फिट्सचे औषध सुरू असेल तर त्याबद्दलही डॉक्टरांना विचारा, कारण हे औषध याच वाहक प्रथिनाला अडथळा करते असे प्रयोगशाळेत दिसले आहे; पण कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नका. पुढे आहार सुरू झालाच, तर तापाच्या गोड सिरपमधील साखरही मोजावी लागते. आम्हाला हे एका रात्री पुन्हा फिट आल्यावर कळले.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. शाळेत जाते, वाचते, पण दमली की पाय अडखळतात आणि बोलणे जड होते. निदानाआधीची ती दोन वर्षे वाया गेली नसती तर यातले किती टळले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बुधवारसाठी शेवटचे. बाळाला साधारणपणे चार ते सहा तास उपाशी ठेवतात, पण आपल्या मुलाला उपाशीपोटीच फिट्स येतात, तेव्हा नेमके किती तास ठेवायचे आणि मध्ये फिट आली तर काय करायचे, हे मंगळवारीच लेखी घ्या. वॉर्ड सोडण्यापूर्वी दोन्ही आकडे असलेल्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.