कट्ट्यावर या म्हणा, कट्ट्यामध्ये नको

नेरुळहून एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या सोसायटीमागच्या बागेत दर महिन्याला दहा-पंधरा जण गप्पा मारायला जमतात, कोणीही यावं, विषय काहीही, पोस्टरवर 'मीटअप' लिहायचं जिवावर येतं, तर 'कट्टा' चालेल का, कारण मुलगा म्हणतो कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल.

मुलाला म्हणावं वेबसिरीज कमी बघ. तो हिंदीतला कट्टा, आपल्याशी संबंध नाही. आपला कट्टा म्हणजे बसायचा ओटा आणि मग त्यावर जमणारी मंडळी, हे ठाण्यात तरी सांगायला नको, इथे नौपाड्याचा अत्रे कट्टा आहे, अभिनय कट्टा आहे, घोडबंदरला ब्रह्मांड कट्टा आहे, गल्लीगल्लीत कट्टे आहेत.

माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. हल्ली बॅनर बघा, 'कट्टामध्ये सहभागी व्हा', 'कट्ट्याचे आयोजन करण्यात आले आहे, नोंदणी अनिवार्य'. अरे, कट्ट्या'वर' जातात! 'मध्ये' बसायला ती काय विहीर आहे का? आणि कट्टा जमतो, भरतो, रंगतो, त्याचं 'आयोजन' होत नाही. नोंदणी करून जायचं असेल तर सरळ व्याख्यान म्हणा ना.

आता गंमत कुठे आहे बघा. कन्नडमध्ये 'कट्टे' म्हणजे बसायचा दगडामातीचा ओटा, पिंपळाभोवतीच्या पाराला 'अरळी कट्टे' म्हणतात, गप्पांच्या अड्ड्याला 'हरटे कट्टे'. पण त्याच 'कट्टे'चा दुसरा अर्थ बांध, धरण! म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरला तिकडची माणसं आजही 'कन्नंबाडी कट्टे' म्हणतात. मूळ धातू 'कट्टु', बांधणे. तमिळमध्येही तोच, 'कट्टु' अधिक 'मरम्' म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके, त्यावरूनच इंग्रजांनी कॅटमरान उचललं. म्हणजे बांधलेला तो कट्टा, मग पाणी अडवा नाहीतर माणसं.

आणि आता ठाणेकरांनी मासुंदा तलावाच्या काठी जाऊन उभं राहावं. आपण म्हणतो तलावपाळी. पाळ म्हणजे काय, तलावाचा बांध! अख्खं ठाणं संध्याकाळी बांधावर बसून शेंगदाणे खात गप्पा मारतं आणि त्या बसण्याला जो शब्द वापरतं त्याचा कन्नड अर्थ पण बांध. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पाळीवरच होतो आणि शेजारच्या अनोळखी काकांना जबरदस्तीने ऐकवलं होतं.

माझं तर मत आहे की हा शब्द आपल्याकडे शिलाहार राजांच्या काळातच आला असणार, श्रीस्थानक म्हणजे आपलं ठाणं त्यांची राजधानी, ते राष्ट्रकूटांचे मांडलिक, आणि राष्ट्रकूटांच्या दरबारी कन्नडचा केवढा मान. मालवण तालुक्यात तर कट्टा नावाचं गावच आहे. पुरावा मागू नका, पाळीवर भेटा, बोलू.

आमच्या ग्रुपमधले एक निवृत्त सर मात्र दर वेळी 'काष्ठ'वरून कट्टा असं ठोकून देतात, लाकडी बाकडं म्हणून. सर, काष्ठचं प्राकृतात कट्ठ झालं आणि मराठीत काठी. पृष्ठचं पाठ, ओष्ठचं ओठ. ष्ठचा ठ होतो, ठमधला ह सहसा गळत नाही, मग कट्ट्याच्या वेळीच तो कुठे सुट्टीवर गेला? प्रत्येक शब्दाला संस्कृत आजोबा शोधायची ही खोड जाणार कधी? भाषेचे अभ्यासक विश्वनाथ खैरे यांनी तमिळ-मराठी नात्यावर इतकं लिहिलं, त्यांचं सगळं मलाही पटत नाही, पण दक्षिणेकडे मान वळवून बघा एवढं तरी पटायला हरकत नाही.

हां, ताईंचं राहिलंच. 'अड्डा' नको, आपल्याकडे पत्त्यांचा आणि दारूचा असतो. 'चावडी' पण नको, तिथे सारा भरायला जायचे लोक. 'मेळावा' म्हटलं की मांडव आणि हारतुरे आले. कट्टाच लिहा, वार आणि वेळ टाका, खाली 'कोणीही या' एवढंच. बागेत दगडी ओटा नसेल, खुर्च्या टाकत असाल, तरी 'कट्ट्यावर'च लिहा.