लान्ड्सक्नेख्ट थीमची एम्पायर आर्मी: राक्षससुद्धा त्याच काळातले घे

तू विचारलंयस की ओल्ड वर्ल्ड या गेम्स वर्कशॉपच्या टेबलावरच्या फँटसी युद्धखेळासाठी एम्पायरची (त्यातल्या माणसांच्या साम्राज्याची) आर्मी सोळाव्या शतकातल्या जर्मन भाडोत्री सैनिकांच्या, म्हणजे लान्ड्सक्नेख्टांच्या थीमवर करायचीय, तर ऐतिहासिक मिनी (सैनिकांच्या छोट्या मूर्ती) किती वापरू, प्रांताच्या युनिफॉर्मचे रंग लावू की नको, आणि ग्रिफन (गरुडाच्या डोक्याचा पंखवाला सिंह), जादूगार, वाफेचा रणगाडा हे सगळं त्यात उपरं न वाटता बसवू कसं. शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण त्याचं उत्तर ठरलं की बाकीचं आपोआप ठरत जातं.

बहुतेक जण काय करतात, सैनिक इतिहासातले घेतात आणि मग राक्षस बॉक्समधून निघाला तसा बाजूला उभा करतात, त्यामुळे टेबलावर दोन वेगळ्या आर्म्या दिसतात. माझं ठाम मत आहे की फँटसीसुद्धा त्याच काळातल्या माणसांच्या डोक्यातून उचलायची. त्या लोकांना आकाशात खुणा दिसत होत्या, समुद्रापलीकडच्या प्राण्यांची चित्रं छापून बाजारात विकली जात होती, त्यांचं जग आधीच अर्धं फँटसी होतं.

उदाहरण देतो. ७ नोव्हेंबर १४९२ ला आल्सासमधल्या एन्सिसहाइम गावाबाहेर शेतात मोठा उल्कापाषाण पडला. काही दिवसांतच मॅक्सिमिलियन तिथे आला, हाच तो लान्ड्सक्नेख्टांची फौज उभी करणारा राजा, आणि त्याने तो दगड आपल्यासाठी शुभशकुन मानला. त्या घटनेची चित्रासकट पत्रकं छापली गेली आणि दगड गावच्या चर्चमध्ये ठेवला. आता एम्पायरचं मुख्य चिन्ह काय, त्यांच्या सिग्मार देवाचा दोन शेपट्यांचा धूमकेतू! म्हणजे बॅनरवर वेगळं काही शोधायचीही गरज नाही, ढगातून दगड पडतोय, खाली गाव, सगळं लाकडी ठशाच्या छापासारखं काळ्या रेघांत आणि वर दोनतीन रंगांचे सपाट हात. बॅनरवर शेडिंग करू नकोस, सपाट रंगच त्या काळातला वाटतो.

ग्रिफनच्या जागी मी तुला गेंडा सुचवीन, आणि हा आपल्याला जवळचा आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या ड्यूरर या चित्रकाराने तो कधीच पाहिला नाही, कोणीतरी पाठवलेलं वर्णन आणि स्केच यावरून त्याने ठसा कोरला, म्हणून त्या गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत आणि खांद्यापाशी एक जादाचं पिळदार शिंग आहे. जर्मन सरदाराच्या बुडाखाली यापेक्षा शोभेल असं जनावर मला तरी माहीत नाही.

करायचा कसा, तर २८ मिमी मिनी म्हणजे साधारण १:५६ स्केल, त्यात भारतीय गेंडा खांद्यापाशी तीनेक सेंटीमीटर आणि लांबीला सहाएक सेंटीमीटर भरतो, या मापाचा प्लास्टिकचा गेंडा खेळण्यांच्या दुकानात मिळून जातो. आधी साबणाने घासून धू. ही खेळणी मऊ पीव्हीसीची असतात, त्यांच्यावर काही स्प्रे प्रायमर कायमचे चिकट राहतात, म्हणून ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमरच (रंगाआधीचा अस्तराचा थर) वापर. पत्र्यांच्या कडा ग्रीन स्टफच्या (निळी-पिवळी मळून वापरायची, नंतर कडक होणारी पुट्टी) बारीक वळ्यांनी उठव, खिळे म्हणून फेव्हिकॉलचे टाचणीने ठेवलेले थेंब, खांद्यावर पिळाचं छोटं शिंग. रंगवताना राखाडी तपकिरी कातडी ठेव पण पत्र्यांच्या कडांना अगदी पातळ स्टीलची झाक दे, बघणाऱ्याला नक्की कळू नये की हे कातडं आहे की चिलखत. तीच तर ड्यूररच्या चित्रातली मजा आहे.

वाफेच्या रणगाड्यासाठी लिओनार्दोचं १४८० च्या दशकातलं शंकूसारख्या गाडीचं चित्र बघ, आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या लावून छप्पर होतं. जादूगार ज्योतिषी कर, लांब झगा आणि हातात खगोलयंत्र. फेब्रुवारी १५२४ मध्ये ग्रह मीन राशीत जमणार म्हणून महापूर येणार अशी पत्रकं जर्मनीभर छापली गेली होती, तो तसला माणूस.

आता सैनिक. लान्ड्सक्नेख्टांना युनिफॉर्म नव्हता, प्रत्येक जण आपल्या पैशाने कपडे शिवायचा, एक पाय लाल दुसरा पट्ट्यापट्ट्यांचा, बाह्या चिरलेल्या आणि चिरांतून आतलं कापड फुगून बाहेर. म्हणून अख्ख्या रेजिमेंटला एम्पायरमधल्या आल्टडॉर्फचा लाल निळा किंवा टालाबेकलँडचा लाल पिवळा सरसकट लावला तर ती छान एम्पायर दिसेल पण लान्ड्सक्नेख्ट दिसणार नाही. आणि उलट प्रत्येकाला मनाला येईल तो रंग दिला तर तीन फुटांवरून नुसता गोंधळ दिसतो. मधला रस्ता म्हणजे त्या काळच्या रंगाऱ्याकडे जे होतं तेवढंच वापरायचं. लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळापासून, म्हणजे थोडा विटकरीकडे झुकणारा, निळा वोड नावाच्या झाडाच्या पानांचा (आपल्या निळीतलं रंगद्रव्य त्यातही असतं, थुरिंगियात त्याचा मोठा व्यापार होता), पिवळा वेल्ड नावाच्या झाडाचा, आणि न रंगवलेलं मळकट पांढरं कापड. हिरवा हवा तर पिवळ्यावर निळा चढवलेला. गडद काळा करायला महाग पडायचा म्हणून तो फक्त कॅप्टन आणि दुप्पट पगाराचे डोपेलझोल्डनर यांच्यासाठी राखून ठेव. एवढ्याच रंगांत कितीही अदलाबदल केलीस तरी रेजिमेंट एकत्र दिसते, फक्त चामडं, स्टील आणि बेस सगळ्या आर्मीचे एकच ठेव.

त्यातही प्रांत दाखवायचा असेल तर खूण म्हणून दंडावर किंवा छातीवर पट्टा दे. पाव्हियाच्या लढाईत, २४ फेब्रुवारी १५२५, सम्राटाचं सैन्य रात्रीच्या अंधारात मिराबेलोच्या शिकारीच्या रानाची भिंत फोडून आत शिरलं तेव्हा एकमेकांना ओळखायला त्यांनी अंगावर पांढरे सदरे चढवले होते. एक रेजिमेंट तशी केलीस तर फार देखणी होईल, पण शुद्ध पांढऱ्याने सुरुवात करू नकोस, खाकीकडे जाणाऱ्या राखाडीवरून वर ये आणि पांढरा फक्त घड्यांच्या टोकांना.

मिनी कुठल्या म्हणशील तर ग्रेटस्वर्ड (दोन्ही हातांच्या मोठ्या तलवारीवाले सैनिक) हे गेम्स वर्कशॉपचे घे, ते मुळातच डोपेलझोल्डनर आहेत, आणि भालाइतांसाठी वॉरलॉर्ड गेम्सचे लान्ड्सक्नेख्ट, धातूच्याच हव्या असतील तर फाउंड्रीच्या. एक सांभाळ, गेम्स वर्कशॉपच्या मिनींची डोकी आणि हात मुद्दाम मोठे असतात, ऐतिहासिक कंपन्यांचे प्रमाणात असतात, त्यामुळे एकाच मिनीवर दोन्हीकडचं डोकं आणि हात मिसळू नकोस. रेजिमेंट वेगवेगळ्या ठेवल्या तर फरक जाणवत नाही.

खरे पाइक, म्हणजे लांब भाले, पाच मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या स्केलला जवळजवळ नऊ सेंटीमीटर. प्लास्टिकचे मोडतात, स्टीलची तार वापर आणि टोक हातोडीने चपटं करून घास. पण पुढच्या रांगेचे भाले आडवे धरलेले करू नकोस, समोरच्याची रेजिमेंट बेसला बेस लावून उभीच करता येत नाही. सगळे उभे किंवा किंचित पुढे कललेले ठेव. बेस २५ मिमीचे चौकोनी, आणि फुगीर बाह्यांमुळे शेजारी शेजारी अडकतात म्हणून चिकटवण्याआधी रांगेत लावून बघ आणि बेसखाली नंबर टाक.

ग्रीन स्टफ इथे मागवावं लागतं आणि स्वस्त नाही, म्हणून बेसच्या दगडमातीला एम-सील चालवून घे, ते रवाळ असतं आणि पटकन घट्ट होतं, बारीक कामाला नाही चालत. ग्रीन स्टफच्या पट्टीत निळा पिवळा जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तो मधला भाग कापून टाक, तो आधीच वाळलेला असतो आणि कामात गुठळ्या येतात. टोपीवरच्या पिसासाठी पिवळा जरा जास्त घे म्हणजे मऊ राहतं, लांबट थेंब करून टोपीवर दाब, सुईने मधली दांडी ओढ, मग ओल्या ब्लेडच्या टोकाने दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा, आणि टोक बोटाने किंचित वर वळव. चिरलेल्या बाहीसाठी मात्र साध्या बाहीवर कागदाइतका पातळ थर चढवून तासभर थांब, थोडं ताठ झालं की मग चीर दे, लगेच दिलीस तर कडा ओढल्या जातात.

रंगवताना त्या चिरांचा क्रम असा: आधी वरच्या कापडाचा मूळ रंग, मग गडद तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) फक्त खाचांत, मग वरच्या पट्ट्यांना हायलाइट, आणि सर्वात शेवटी आतून फुगलेल्या कापडाच्या फक्त माथ्यावर फिका रंग. दोन कापडांमधली काळपट रेघ कुठेही झाकली जाऊ देऊ नकोस, चीर दिसते ती त्या रेघेमुळेच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिक ब्रशवरच वाळतं म्हणून डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर असा वेट पॅलेट करच. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर आणि स्प्रे वार्निश दोन्ही टाळ, हवेतल्या दमटपणाने पांढरट भुकटी बसते आणि केलेलं काम जातं, ब्रशने लावायचं मॅट वार्निश वापर.

राहता राहिलं नियमांचं. गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या दुकानांत आणि स्पर्धांत त्यांच्याच मिनी लागतात, मित्रांत खेळताना तसं काही नाही. पाइकवाले भालाइत म्हणून खेळव, गेंडा ज्या जनावराच्या नियमांनी खेळणार त्याच्याच मापाच्या बेसवर बसव आणि डाव मांडायच्या आधी समोरच्याला एकेक रेजिमेंट दाखवून सांग की हे काय आहे, कारण लढाईच्या मध्यात गेंडा म्हणजे ग्रिफन हे त्याला पहिल्यांदा कळता कामा नये.