ओबीच्या डोंगरावर नेमकं काय लावावं?

प्रश्न : आमच्या गावामांगं कोळसा खाणीचा ओबीचा, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या दगडचिकणीचा, डोंगर हाये. दोन पावसाळे झाले, शाळेच्या पोरायले घेऊन कडूनिंब, करंज, आवळा लावला, ऑगस्टात मस्त हिरवंगार दिसते अन् मे महिन्यात पाहाले गेलं तं नुसत्या काड्या. वरून गाळ नाल्यात येते, नाल्यातून शेतात. कोणी म्हणते सुबाभूळ फेका, कोणी म्हणते घायपात लावा. काय करावं?
— एक शिक्षक, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, पोरांनी हातानं लावलेलं रोप वाळलेलं पाहणं लय जिवावर येतं, म्हणून आधी हे सांगतो की चूक पोरांची नाही. ओबी म्हणजे माती नाहीच हो. कोळशाच्या वरचा वाळूखडक, शेल (चिकणीचा पापुद्र्यांचा खडक), चिकण सगळं ब्लास्ट करून डंपरनं ओतलेलं, खालचं वर आलेलं, त्यात ना शेणखताचा अंश ना नत्र ना मुळांना सोबत करणारी बुरशी. त्यात आपला मे महिना, पारा ४५ च्या वर, दुपारी काळ्या शेलवर तळहात टेकवून बघा, टेकवत नाही. पिशवीतलं रोप पिशवीएवढ्याच मातीवर जगतं, ती वाळली की संपलं.

दुसरं म्हणजे उतार. नुसता ओतलेला ढीग साधारण ३७ अंशांवर थांबतो, तिथं पाणी मुरत नाही, पळतं, पहिल्या पावसात बोटाएवढी घळ पडते आणि पोळ्यापर्यंत तिच्यात पाय जातो. खाणीच्या पर्यावरण मंजुरीत बहुतेक वेळा उतार २८ अंशांच्या आत आणायची अट असते, ती ग्रामपंचायतीतर्फे लेखी मागा, कारण उतार तसाच राहिला तर आपण काय लावतो याला फारसा अर्थ नाही.

मग काय लावावं? माझं ठाम मत, चढावर आधी गवत, झाडं नंतर आणि तीही सपाट पायऱ्यांवर. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्याच डोंगरावर तपासा. उताराच्या एकाच बाजूला, एकाच तोंडाचे (दक्षिण-पश्चिम बाजू जास्त तापते) वरपासून खालपर्यंत ५ मीटर रुंदीचे चार पट्टे आखा. एकात काहीच करू नका, एकात नुसतं गवताचं बी, एकात बी अन् शेणखत अन् वरची शेतमाती, चौथ्यात हेच सगळं करून वर काथ्याची जाळी खुंट्यांनी ठोकायची. असे तीन संच, म्हणजे बारा पट्टे, कोणता कुठं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर चांगली जागा आपण नकळत आवडत्या पट्ट्याला देतो. मधे छोटे बांध घाला म्हणजे एकाचं पाणी दुसऱ्यात जाणार नाही. पायथ्याशी प्रत्येकाखाली प्लास्टिक अंथरलेला चर काढा, जमलेला गाळ वाळवून वजन करायचा. हिरवळ मोजायला चार काड्यांची १ मीटरची चौकट पुरते, पोरं मजेत मोजतील. तो काहीच न केलेला पट्टा मात्र सोडू नका, त्याच्याशिवाय हिरवं झालं ते पावसानं की तुमच्यानं हे कळणारच नाही, आणि निकाल दुसरा उन्हाळा निघाल्याशिवाय लावू नका.

लावण्याआधी मातीचा सामू (पीएच, म्हणजे ती किती आम्ल आहे) तपासून घ्या. काळ्या शेलमध्ये पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असलं तर हवापाणी लागून आम्ल तयार होतं, तिथं चुना टाकल्याशिवाय गवतही धरत नाही. सुबाभूळ झपाट्यानं वाढते हे खरं, पण मग दुसरं काही वाढू देत नाही, मी तरी नाही सुचवणार. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं सावनेरकडच्या गुमगावला मॅंगनीज खाणीच्या डंपवर, म्हणजे असल्याच ढिगावर, साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), मुळांवरची बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू घालून झाडं उभी केली, म्हणजे जीव आधी जमिनीत भरावा लागतो.

खाणीची लेखी परवानगी घ्या, पावसात पोरांना चढावर नेऊ नका, डंप सरकतो, आणि कुठं धूर निघत असेल तर आत कोळसा पेटलेला असतो, तिकडं जाऊच नका.

बी विकत कशाला, दिवाळीनंतर पडीत रानात कुसळी आणि मारवेल पिकते. कुसळीचं बी हातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका, शेपटी पीळ सोडत गोल फिरते, तसंच ते जमिनीत स्वतःला रोवून घेतं. पोतं भरून ठेवा, मृगाच्या पहिल्या सरीआधी फेका, आणि गुराख्यांशी आत्ताच बोलून ठेवा, दोन वर्षं शेळ्या तिकडं नकोत.