घोटा मुरगळून तीन आठवडे झाले, सूज उतरली आहे. लिगामेंट लवकर बरं व्हायला काय करू? पुढच्या रविवारी ट्रेकला गेलो तर चालेल का?

रविवारी जाऊ नका. मी हीच घाई केली होती.

राजगडावरून गुंजवण्याकडे उतरताना ओल्या दगडावर माझा उजवा पाय आत वळला. आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, आठ दिवस पाय उशीवर. दुखायचं थांबलं म्हणून महिन्याभरात परत निघाले, तर साध्या रस्त्याच्या कडेला तोच घोटा पुन्हा गेला.

मग फिजिओथेरपिस्टने मला डोळे मिटून एका पायावर उभं केलं. डाव्यावर मी आरामात वीस अंक मोजले. उजव्यावर तीनच्या आत भिंत धरली! पाय तिरका होतोय ही खबर मेंदूला देणाऱ्या नसा लिगामेंटमध्ये, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यामध्येही असतात, आणि दुखापतीनंतर ती खबर उशिरा पोचते. सूज उतरली तरी हे आपोआप सुधारत नाही. शिवाय नवे तंतू आधी कसेही विणले जातात, हळूहळू भार पडेल तसे ते ओढीच्या दिशेने लागतात. त्याला महिने जातात. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तो लवकर सांधतो. लिगामेंट आणि टेंडनचं (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचं) तसं नाही.

म्हणून नुसता आराम नको. दात घासताना दुखऱ्या पायावर उभे राहा, बेसिन हाताशी असू द्या. जमलं की डोळे मिटून, मग दुमडलेल्या चादरीवर. जिन्याच्या पायरीवर टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या, आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा ठणका वाढला तर तेवढं कमी करा.

बर्फ पहिल्या एक-दोन दिवसांत वेदनेसाठी ठीक, आता त्याचा उपयोग नाही. बर्फ आणि आरामाचा ‘राइस’ नियम 1978 मध्ये मांडणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे सांगितलं की बर्फाने भरून येणं लांबू शकतं. आणि कुणाकडून जोरात चोळून, ओढून घेऊ नका, कृपा करून.

घोट्याच्या हाडावर, विशेषतः मागच्या कडेला, दाबून दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे काढा.

दुखऱ्या पायावर सलग दहा उड्या न डगमगता जमेपर्यंत सपाट डांबरी रस्त्यावरच चाला. मला त्याला अकरा आठवडे लागले.