लग्नाआधीच्या नावावरचे पेपर आणि पदोन्नती: माझा अनुभव

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत: तुमचे अकरा पेपर (शोधनिबंध), काही कार्डिओलॉजीचे, काही इमर्जन्सी मेडिसिनचे, त्यातले चार माहेरच्या नावावर. आणि सहयोगी प्राध्यापकपदाचा अर्ज भरताना ऑफिस विचारतंय की हे सगळे तुमचेच कशावरून. वाचलं आणि पोटात गोळा आला. माझी दोन वर्षं यातच गेली.

ऑर्किड (संशोधकाचा ओळख क्रमांक), स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसवरची प्रोफाइल हे तुम्ही केलंच असेल, त्यावर लिहीत नाही.

माझी चूक एकच होती. 2013 मध्ये कॅज्युअल्टीत स्ट्रेप्टोकायनेज (हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध) द्यायला किती वेळ लागतो यावर आमचा पेपर आला. सबमिशनचा फॉर्म ज्युनिअरने भरला. त्याने माझं नाव आणि वडिलांचं नाव लिहिलं, आडनावाचा रकाना वेगळा आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. छापून आलं तेव्हा वडिलांचं नाव माझं आडनाव झालं होतं. छपाईआधीचं प्रूफ माझ्याकडे आलं होतं. मी तक्ते तपासले, पी व्हॅल्यू तपासल्या, नावाची ओळ वाचली नाही. नंतर दिसलं तेव्हाही म्हटलं, राहू दे, मजकूर तर बरोबर आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2022 च्या नियमांत सहयोगी प्राध्यापकाला दोन पेपर लागत होते, तेही पहिल्या तीन लेखकांत किंवा कॉरस्पाँडिंग लेखक (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा) म्हणून. माझी यादी लांबलचक होती, पण केस रिपोर्ट (एखाद्या रुग्णावरचा लेख) धरत नव्हते, परिषदेतले अ‍ॅबस्ट्रॅक्ट (गोषवारे) धरत नव्हते. अनेक रुग्णालयांच्या नोंदी गोळा करणाऱ्या एका मोठ्या रजिस्ट्रीत आमच्या सेंटरचे रुग्ण होते, तिथे माझं नाव पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत) 'कोलॅबोरेटर' म्हणजे सहयोगी म्हणून आहे, लेखक म्हणून नाही. रात्री दोनला एसटी एलिव्हेशनच्या (मोठ्या हृदयविकाराच्या झटक्याच्या) रुग्णाचा फॉर्म भरणारा माणूस लेखकांच्या यादीत कुठेच नसतो, याचा मला आजही राग येतो. सगळं गाळून उरले दोन, आणि त्यातला एक हा.

आस्थापना शाखेने प्रतिज्ञापत्र मागितलं, दिलं. मग राजपत्र मागितलं. लग्नानंतरच्या नावबदलाचं राजपत्र माझ्याकडे होतंच, पण त्यात जुनं नाव माहेरच्या आडनावासह. पेपरवर होतं ते नाव माझं कधीच नव्हतं, मग ते राजपत्रात येणार कुठून? हे मी तीनदा लेखी समजावलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, 'नाव जुळत नाही.' पेपरखाली आमच्याच विभागाचा पत्ता छापलेला होता, तो कोणी पाहिला नाही. मुलाखत निघून गेली.

शेवटी सुटलं ते जर्नलकडून. तोवर प्रकाशक बदललेला, जुन्या संपादकांचा ई-मेल बंद. आठ महिन्यांनी लेखकाच्या नावाची दुरुस्ती छापून आली आणि पबमेडच्या नोंदीला जोडली गेली. ती प्रत लावल्यावर ऑफिसने एक शब्द न बोलता फाइल पुढे सरकवली.

म्हणून माझं ठाम मत: ऑफिसशी वाद घालण्यात दिवस घालवू नका, आजच संपादकांना लिहा. तुमचे चार पेपर खरोखरच्या जुन्या नावावर असतील तर तुम्हाला राजपत्र आणि विवाह नोंदणी दाखला पुरेल असं वाटतं. पण कुठे आद्याक्षर किंवा आडनाव चुकलंय का, हे प्रत्येक पेपर पीडीएफ उघडून बघा. स्कोपसवर प्रोफाइल एकत्र केल्याने छापलेलं नाव बदलत नाही, माझी सुरुवातीला तीच समजूत होती. मी वकील नाही, नियमही बदलत असतात, तेव्हा तुमच्या वेळचं परिपत्रक स्वतः वाचा.

आणखी एक. आपल्याकडे जोशी एस., पाटील ए. अशी नावं शेकड्यांनी. माझ्या प्रोफाइलमध्ये दुसऱ्याच कुणाचे इको कार्डिओग्राफीचे दोन पेपर येऊन बसले होते. ते आधी काढून टाका, नाहीतर खोटा दावा केल्यासारखं दिसतं. आणि कॉरस्पाँडिंग लेखक असाल तिथे कॉलेजचा ई-मेल देऊ नका. नोकरी बदलली की तो बंद होतो, आणि दुरुस्तीची विनंती त्याच पत्त्यावरून यावी असं काही संपादक म्हणतात.