पोर्टचं म्हणशील तर आधी तीनच

भाऊ, गावात ऑनलाइन कामाचं दुकान टाकलंस, बेस केलं. कोणते पोर्ट बंद ठेवू म्हणतोस, तर पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरात शिरायची नंबर दिलेली दारं. पण ती ६५,५३५ पाठ करत बसू नको, आधी ही तीन बघ.

३३८९, रिमोट डेस्कटॉप. घरून दुकानाचा पीसी चालवता यावा म्हणून पोरं राउटरवर हा सताड उघडा ठेवतात. मीही ठेवला होता. ऐन कापूस वेचणीत एका सकाळी लॉग, म्हणजे पीसीची नोंदवही पाहिली, तर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावानं रात्रभर लॉगिनचे प्रयत्न, एकामागून एक! नंबर बदलून ३३९० केला म्हणजे लपला असं नाही. उघडे पोर्ट हुडकणाऱ्या स्कॅनर प्रोग्रामला तोही सापडतो. बाहेरून बंदच कर. लागलंच तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दुकानाच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद खाजगी रस्ता, वापर.

४४५, फाइल शेअरिंग. दुकानातल्या दुकानात ठीक, इंटरनेटकडे कधीच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, यातूनच पसरला. विंडोजची दुरुस्ती, म्हणजे पॅच, मार्चमध्येच आला होता, लोकांनी टाकला नव्हता.

२३, टेलनेट, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर दुरून हुकूम चालवायची जुनी सोय. पासवर्डसुद्धा उघडाच जातो. जुन्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्यात, चालू सापडेल, बंद कर आणि कंपनीनं टाकून दिलेला पासवर्डही बदल.

राउटरचं यूपीएनपी, म्हणजे यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय, बंद ठेव, नाहीतर कॅमेरा स्वतःच पोर्ट उघडून घेतो. बाकीचं नंतर पाहू. आणि प्रिंटर दिसत नाही म्हणून विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरचं नको ते अडवणारी भिंत, बंद करू नको, बाप्पा!