परवाना अवजड वाहनाचा, काम मात्र घराजवळचे

प्रश्न : मी दौंड तालुक्यात राहतो. माझे वय 41 वर्षे असून गेली 16 वर्षे मी लाईनच्या (लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीच्या) गाडीवर चालक आहे. चाकणहून माल भरून नागपूर, रायपूरमार्गे कोलकात्याला जायचे, तेथे परतीचे भाडे मिळेपर्यंत थांबायचे आणि मग परत यायचे, असा माझा महिना जातो. पगार 16,000 रुपये आहे आणि दर फेरीला 10,000 रुपये भत्ता मिळतो. महिन्याला दोन फेऱ्या होतात, पण पावसाळ्यात एखादीच होते. वर्षभरात 20 फेऱ्या धराव्यात. मुलगी नववीत, मुलगा सहावीत आहे. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून घरचे सारे पत्नीवर पडले आहे. सध्या दोन कामे समोर आहेत : हडपसरला टेम्पोवर 17,000 रुपयांचे, आणि वाघोलीजवळ काँक्रीट मिक्सरवर 26,000 रुपयांचे. सोबतचे चालक म्हणतात की लाईन सोडली की घर चालत नाही. मी नववी पास आहे. मी काय करावे? – एक वाचक, दौंड

उत्तर : तुमच्या सोबत्यांची भीती खोटी नाही, मात्र ती भत्त्याच्या आकड्याकडे पाहून निर्माण झालेली आहे. तेव्हा आधी हिशेब मांडू. वर्षाचा पगार 1,92,000 रुपये आणि 20 फेऱ्यांचा भत्ता 2,00,000 रुपये, म्हणजे 3,92,000 रुपये हाती येतात. रस्त्यावरचे जेवण, चहा, अंघोळ, टायरचे पंक्चर, किन्नरला (गाडीवरील मदतनिसाला) द्यावी लागणारी चिरीमिरी आणि पोच मिळेपर्यंत गोदामाबाहेर काढलेले दिवस यांचा खर्च तुम्ही पत्रात दिलेला नाही. माझ्या माहितीतील चालक सांगतात त्यावरून मी तो फेरीमागे 6,000 रुपये धरतो. तुमचा खरा आकडा घालून पुढचा हिशेब दुरुस्त करावा. वर्षाचे 1,20,000 रुपये वजा केले की 2,72,000 रुपये, म्हणजे दरमहा सुमारे 22,700 रुपये घरी पोहोचतात. भविष्य निर्वाह निधीचा उल्लेख पत्रात नाही, त्यामुळे तो कापला जात नसावा असे मी समजतो.

आता मिक्सरचे काम पाहू. 26,000 रुपयांतून निधीसाठी 1,800 रुपये (15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर 12 टक्के) आणि व्यवसाय कराचे 200 रुपये गेले की 24,000 रुपये हाती राहतील. जाण्यायेण्याचे 2,500 रुपये धरले तर 21,500 रुपये उरतात. परंतु तुमचे कापलेले 1,800 आणि मालकाचे तेवढेच 1,800 रुपये तुमच्या नावावर जमा होत राहतात, आणि मालकाच्या वाट्यातील काही भाग निवृत्तिवेतन योजनेत जातो, जिचा मासिक लाभ मिळण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते. तुम्ही 41 वर्षांचे आहात, म्हणजे ती दहा वर्षे आरामात पुरी होऊ शकतात. म्हणून मिक्सरच्या कामात तुमचे उत्पन्न घटत नाही. त्यातला काही भाग आजच्या खिशातून उद्याच्या खात्यात जातो, एवढेच. मात्र 26,000 हा आकडा मालकाचा वाटा धरून सांगितला आहे की वगळून, हे लेखी विचारून घ्यावे, कारण कंपनीला पडणारा एकूण खर्च हाच पगार म्हणून सांगण्याची पद्धत आता ठेकेदारांकडेही आली आहे आणि त्यात हाती येणारी रक्कम 1,800 रुपयांनी आणखी खाली येते.

टेम्पोबद्दल मात्र मी स्पष्टपणे नको म्हणेन. कारण केवळ पगाराचे नाही. 7,500 किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवण्यास हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरेसा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निश्चित केले. त्यामुळे लहान टेम्पोसाठी उभे राहणारे उमेदवार फार आहेत आणि तेथे मजुरी वर जाण्यास जागा नाही. तुमच्या हातातील अवजड वाहनाचा परवाना आणि 16 वर्षांचा घाटांतला सराव ही तुमची खरी पुंजी आहे, आणि लहान गाडीवर बसताच तिचा बाजारभाव शून्य होतो. घराजवळ येणे म्हणजे गाडी लहान करणे नव्हे. ज्या अवजड गाडीला तिच्या मालामुळेच दूर जाता येत नाही, ती गाडी शोधावी.

मिक्सर ही तशीच गाडी आहे. तयार काँक्रीट गाडीत भरल्यापासून साधारणपणे दोन तासांच्या आत ओतले जावे, असे भारतीय मानक (आयएस 4926) सांगते. म्हणून काँक्रीट तयार करणारा प्रकल्प बांधकामाच्या जवळच लागतो आणि चालक कितीही फेऱ्या मारो, रात्री त्याच आवारात परततो. पण घराजवळचे काम म्हणजे दिवसाचे काम, असे समजू नये. शहरांत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे मोठ्या स्लॅबचे काम रात्री चालते आणि तो पुरा होईपर्यंत गाडी सोडता येत नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती आणि जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली होती (2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली); तुम्हाला सांगितलेले 26,000 रुपये आठ तासांचे आहेत की बारा तासांचे, यावरच तुमचा निर्णय अवलंबून आहे. बारा तासांचे असतील आणि जादा तासांची वेगळी मजुरी नसेल, तर वर मांडलेला सारा हिशेब उलटतो. वडिलांना रात्री उठवून बसवावे लागत असेल, तर रात्रपाळी आठवड्यातून किती येते, हेही आधीच विचारावे.

चालवण्याच्या बाबतीतही एक इशारा द्यावासा वाटतो. फिरत्या ड्रमात ओले काँक्रीट असताना गाडीचा भार उंचावर असतो आणि ड्रम फिरत असल्यामुळे तो एका बाजूला कलतो. लाईनवर ताडपत्री बांधलेला माल घेऊन ज्या वेगाने तुम्ही वळण घेता, त्याच वेगाने मिक्सर वळवला तर तो उलटू शकतो. पहिले काही दिवस जुन्या चालकाच्या शेजारी बसण्यात 16 वर्षांचा अनुभव असणाऱ्यालाही कमीपणा वाटू नये.

तुम्ही पत्रात न लिहिलेला एक तिसरा मार्ग माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत चांगला आहे. लोणी काळभोर येथे तेल कंपन्यांची आगारे आहेत आणि तेथून पेट्रोल-डिझेल टँकरने आसपासच्या पंपांवर जाते; तुमच्याच तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत. या गाड्या चालवण्यासाठी परवान्यावर धोकादायक माल वाहून नेण्याची नोंद लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 9 नुसार त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि चालकाला एखादी भारतीय भाषा व इंग्रजी वाचता-लिहिता येणे आवश्यक असते. टँकरवरच्या इशाऱ्याच्या पाट्या आणि मालासोबतचा आपत्कालीन सूचनांचा कागद वाचता यावा, हाच त्यामागचा हेतू आहे, आणि नववीपर्यंत शिकलेल्या माणसाला हे अवघड नाही. अशा परवान्याची मुदत साध्या व्यावसायिक परवान्याप्रमाणे पाच वर्षांची नसून तीन वर्षांची असते. तीन दिवस मोडून घेतलेली ही एक नोंद तुम्हाला टेम्पोच्या रांगेतून कायमची बाहेर काढते. अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये ब्रेक लावताच आतला द्रव पुढे धडकतो आणि थांबलेली गाडीही ढकलली जाते. याचे भान ठेवणारा, उतरवताना अर्थिंगची तार आधी जोडणारा, मोबाईल केबिनमध्येच ठेवणारा शांत चालक मालकाला हवा असतो, आणि त्यासाठी तो पैसे मोजतो. चालकाची नेमणूक बहुधा वाहतूक ठेकेदार करतो, तेल कंपनी नव्हे. म्हणून निधीची कपात खरोखर भरली जाते का, हे आपल्या यूएएन क्रमांकावर (निधीच्या कायमच्या खातेक्रमांकावर) दर काही महिन्यांनी पाहावे.

स्वतःचा टेम्पो घेण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. वडिलांचे औषधपाणी आणि मुलांचे शिक्षण ऐन भरात असताना बँकेचा हप्ता गळ्यात घेऊ नये, असे माझे मत आहे.

सध्याचे काम सोडताना घाई करू नये. मालकाकडून घेतलेली उचल किती राहिली आहे, हे दोघांच्या सहीने कागदावर आणावे. गाडीवरील थकलेली ई-चलने तुमच्या शेवटच्या पगारातून वळती होणार असतील, तर कोणत्या तारखेला गाडी कोणाच्या हाती होती, हे तपासून घ्यावे. मूळ परवाना मालकाकडे ठेवला असल्यास तो आधी ताब्यात घ्यावा आणि अनुभवाचे पत्र मागावे, कारण 16 वर्षे तोंडी सांगून टँकरचा ठेकेदार समाधानी होत नाही.

राहिले शिक्षण. एस.टी.च्या चालकपदासाठी दहावी उत्तीर्ण असणे आणि प्रवासी वाहनाचा बिल्ला आवश्यक असतो आणि वयाचीही अट असते. त्या आशेवर आज काही बेतू नये. परंतु कंबर साथ देईनाशी झाल्यावर स्टिअरिंगशिवाय दुसरे काम हवे असेल, तर दहावी लागेलच. वाहनचालन प्रशिक्षकाला दहावी, पाच वर्षांचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र लागते, आणि यांतील अनुभव तुमच्याकडे तिपटीहून अधिक आहे. राज्य मंडळाचा 17 नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. हा अर्ज परीक्षेच्या आदल्या वर्षी, शाळा सुरू झाल्यानंतरच्या काही महिन्यांतच भरायचा असतो. तुमची मुलगी पुढच्या जूनमध्ये दहावीत जाईल. तिच्याच शाळेत हा अर्ज कोठे मिळतो ते विचारावे. तोवर तुम्ही रोज घरी येत असाल, तर संध्याकाळी तिच्याच पुस्तकांतून दोघांना अभ्यास करता येईल.